इंजिनाचा श्वासमार्ग आणि त्याची सफाई

मोटारीची निगा म्हटली की तेल बदलणे, टायरमधील हवा पाहणे आणि गाडी धुऊन-पुसून ठेवणे एवढ्याच गोष्टी सर्वसाधारणपणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. इंजिन पेट्रोलवर चालते हे लहान मूलही सांगते. परंतु ते पेट्रोलपेक्षा कितीतरी पटींनी अधिक हवा पिते, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ही हवा ज्या मार्गाने आत जाते त्या मार्गावर वर्षानुवर्षे धूळ, तेल आणि काजळी यांचा चिकट थर साचत जातो. हा थर का साचतो, तो कसा ओळखावा, कसा काढावा आणि काय करू नये, याची माहिती सोप्या भाषेत द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या माहितीची गरज कोणाला? आज अनेक घरांत जुनी, म्हणजे सेकंड हँड गाडी आलेली आहे. काही तरुण कर्ज काढून टुरिस्ट टॅक्सी चालवतात. अशा माणसाची गाडी चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर चार दिवसांची कमाई बुडते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय सर्व्हिसिंगच्या बिलात 'थ्रॉटल क्लीनिंग', 'डीकार्बनायझिंग' अशा ओळी दिसतात. त्या कामाची गरज होती काय, हे ग्राहकाला कळत नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो. संकोच जातो तो माहितीने. आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' किंवा 'मेकॅनिक डिझेल' हा ट्रेड घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही पुस्तकातील धडा आणि गॅरेजमधील काम यांची सांगड घालण्यास पुढील विवेचन उपयोगी पडेल.

इंजिनाला हवा किती लागते?

१ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे प्रमाण थोडे कमी लागते.) १ लीटर पेट्रोलचे वजन अंदाजे पाऊण किलो असते. म्हणजे १ लीटर पेट्रोलमागे सुमारे ११ किलो हवा झाली. आपल्याकडील उन्हाळी तापमानात एवढी हवा साधारणतः ९,००० लीटर जागा व्यापते.

आता हा हिशेब पुढे नेऊ. लीटरमागे १५ किलोमीटर जाणारी गाडी १०,००० किलोमीटर धावली तर तिने सुमारे ६६७ लीटर पेट्रोल आणि जवळजवळ ६० लाख लीटर हवा घेतली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दोनशेहून अधिक खोल्या भरतील एवढी ही हवा झाली! आणि ही हवा डोंगरमाथ्यावरील नव्हे, तर रस्त्यावरील धुळीची आणि पुढच्या ट्रकच्या धुराची. त्यातील गारेचे बारीक कण इतके कठीण असतात की ते सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे पाडतात. म्हणूनच हवेच्या मार्गातील पहिला पहारेकरी एअर फिल्टर हा आहे.

हवेची वाट

साध्या पेट्रोल गाडीत हवेचा प्रवास असा होतो : प्रथम एअर फिल्टरचा डबा, नंतर रबरी किंवा प्लॅस्टिकची जाड नळी, मग थ्रॉटल बॉडी, त्यापुढे इनटेक मॅनिफोल्ड आणि शेवटी इनटेक व्हॉल्व्हमधून सिलिंडर.

थ्रॉटल बॉडी म्हणजे धातूची एक आखूड नळी. तिच्यात मध्यभागी एका दांडीवर फिरणारी गोल चकती असते. मिस्त्री लोक तिला 'बटरफ्लाय' म्हणतात. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरे तर पेट्रोलची नव्हे, हवेची वाट मोकळी करतो. हवा किती आली याचा अंदाज सेन्सर घेतो आणि त्यानुसार इंजिनाचा संगणक, म्हणजे ई.सी.यू., पेट्रोल सोडतो. गाडी एका जागी उभी राहून चालू असते, ज्याला आपण आयडलिंग म्हणतो, तेव्हा चकती जवळजवळ मिटलेली असते. तिच्या कडेने राहिलेल्या अगदी अरुंद फटीतून जी हवा जाते तिच्यावर इंजिन तग धरते. ही फट चिकट्याने भरली की काय होईल, हे आता वेगळे सांगावयास नको.

येथे एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. जुन्या गाड्यांत ही तक्रार इतकी का नव्हती? मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झालेल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण घ्या. तिच्या मूळच्या पेट्रोल इंजिनाला कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चकतीच्या अलीकडे हवेत मिसळते, त्यामुळे चकती पेट्रोलने सतत धुतली जाते. पुढे एम.पी.एफ.आय. इंजिने आली. त्यांत इंजेक्टर असतो चकतीच्या पलीकडे, थेट व्हॉल्व्हजवळ. चकतीला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. ती कोरडीच राहते आणि तिच्यावर बसलेला मळ धुऊन निघण्याचा मार्ग उरत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट सिद्ध होते. पेट्रोलच्या टाकीत ओतावयाची जी 'सफाईची औषधे' मिळतात, ती थ्रॉटल बॉडी साफ करू शकत नाहीत. ती चांगल्या प्रतीची असतील तर इंजेक्टरवर काही परिणाम करतील. परंतु जेथे पेट्रोल पोहोचतच नाही, तेथे औषध कसे पोहोचणार?

मळ येतो कोठून?

मळाची उगमस्थाने मुख्यतः तीन आहेत.

(१) बाहेरची धूळ. फिल्टर फाटलेला असेल, डब्यात नीट बसवलेला नसेल किंवा डब्याची क्लिप तुटलेली असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते.

(२) इंजिनातील तेलाची वाफ. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली तेलाच्या भागात उतरतो. त्याच्याबरोबर तेलाचे सूक्ष्म तुषार, न जळलेले इंधन आणि पाण्याची वाफ मिसळते. पूर्वी ही वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडली जाई. प्रदूषण टाळण्यासाठी आता ती पी.सी.व्ही. नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून आणि ब्रीदर नळीतून पुन्हा हवेच्या मार्गात आणून जाळली जाते. ही योजना उत्तम आहे. पण तिची किंमत म्हणजे चकतीवर आणि मॅनिफोल्डच्या आत बसणारा तेलाचा पातळ लेप. त्यावर धूळ चिकटते, उष्णतेने तो थर काळा होतो आणि घट्ट होतो.

(३) धुरातील काजळी. अनेक इंजिनांत, विशेषतः डिझेल गाड्यांत, ई.जी.आर. नावाचा व्हॉल्व्ह असतो. तो धुराचा काही भाग परत आत पाठवतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साईड कमी तयार होतात. परंतु डिझेलच्या धुरातील काजळी आणि तेलाचे तुषार एकत्र आले की डांबरासारखा थर तयार होतो.

सी.एन.जी.वर गाडी चालवणाऱ्यांचा असा समज असतो, की गॅस स्वच्छ जळतो म्हणून आतील सर्व भाग स्वच्छच राहणार. हा समज अर्धाच खरा आहे. ज्वलन स्वच्छ होते. परंतु थ्रॉटलवरील चिकटा तेलाच्या वाफेतून येतो आणि ती वाफ सी.एन.जी. गाडीतही असतेच.

लक्षणे कशी ओळखावीत?

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, मध्येच बंद पडते. एसी लावताच इंजिनाचे फेरे एकदम उतरतात. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच प्रथम काही होत नाही आणि मग गाडी गचका देऊन निघते. ही थ्रॉटल मळल्याची नेहमीची लक्षणे होत. डिझेल गाडीत पिकअप कमी होणे, काळा धूर येणे आणि ॲव्हरेज घटणे ही लक्षणे दिसतात.

परंतु सावधान! हीच लक्षणे खराब स्पार्क प्लग, कमजोर इग्निशन कॉइल, फुटलेली व्हॅक्यूम नळी किंवा तुंबलेला फिल्टर यांमुळेही दिसतात. ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असे डॉक्टर म्हणत नाही. तो रक्त तपासतो. त्याचप्रमाणे नळी काढून, टॉर्चच्या उजेडात चकती प्रत्यक्ष पाहावी. तपकिरी, हलकी झाक असेल तर ते स्वाभाविक आहे. चकतीच्या कडेभोवती काळे, जाड कडे दिसले तरच सफाईची गरज आहे असे समजावे.

सफाईची पद्धत

ही पद्धत साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे. प्रत्येक गाडीची रचना थोडी वेगळी असते, म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचावी.

पूर्वतयारी : इंजिन पूर्ण थंड असावे. किल्ली काढून ठेवावी आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. सफाईचे द्रव ज्वालाग्राही असतात. काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विडी, सिगारेट, स्टोव्ह, दिवा काहीही नसावे. हातमोजे व चष्मा वापरावा. नळ्या काढण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे परत जोडताना गोंधळ होत नाही.

पहिली पायरी : फिल्टरचा डबा उघडावा. कागदी फिल्टर दिव्यापुढे धरून पाहावा. उजेड जेमतेम येत असेल, कागद तेलकट झाला असेल किंवा भोक दिसत असेल तर तो बदलावा. कागदी फिल्टर धुऊ नये. जोरदार दाबाची हवा मारली तर कागद फाटतो आणि फाटलेला फिल्टर हा मळक्या फिल्टरपेक्षा वाईट. डबा आतून ओलसर फडक्याने पुसून कोरडा करावा.

दुसरी पायरी : क्लॅम्प सैल करून हवेची नळी काढावी. तिला चीर आहे काय, आत तेल साचले आहे काय, हे पाहावे.

तिसरी पायरी : थ्रॉटल बॉडी क्लीनर बाजारात फवारणीच्या डब्यात मिळतो. तो मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घ्यावा आणि चकती व नळीचा आतील भाग हलक्या हाताने पुसावा. कोपऱ्यासाठी जुना मऊ टूथब्रश चालतो. द्रव दांडीच्या टोकांत, मोटरमध्ये किंवा सेन्सरमध्ये उतरू देऊ नये. चकतीची मागील बाजूही साफ करावयाची तर थ्रॉटल बॉडी खाली उतरवणे हेच योग्य. मात्र काही गाड्यांत तिला कूलंटच्या नळ्या जोडलेल्या असतात, म्हणून हे काम जाणकाराकडून करवावे आणि परत बसवताना गॅस्केट नवे घालावे.

चौथी पायरी : दहा-पंधरा मिनिटे सर्व कोरडे होऊ द्यावे. मग नळी, क्लॅम्प, सेन्सरचे कनेक्टर मूळ जागी घट्ट बसवावेत. शेवटी बॅटरी जोडावी.

पाचवी पायरी : गाडी सुरू करावी. सफाईनंतर इंजिनाचे फेरे वाढलेले दिसले तर घाबरू नये. मळामुळे फट बुजत चालली तसतसा ई.सी.यू. चकती थोडी थोडी अधिक उघडत गेलेला असतो आणि ती सवय त्याच्या स्मरणात राहते. मळ गेला, पण जुनी नोंद राहिली. काही गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावर ही नोंद आपोआप दुरुस्त होते. काहींत स्कॅनर जोडून 'आयडल लर्निंग' करावे लागते. हे केले नाही तर सफाई नीट होऊनही ग्राहकाची तक्रार राहते. सिस्-सिस् असा आवाज येत असेल तर एखादी नळी सैल राहिली आहे असे समजावे.

काय करू नये?

(अ) स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश वापरून थर खरवडू नये. काही थ्रॉटल बॉडींना कारखान्यातच आतून विशेष लेप दिलेला असतो. तो निघाला की चकती अडकू लागते. काहींवर तर 'साफ करू नये' अशी सूचनाच असते. ती पाळावी.

(आ) इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने जोर लावून उघडू नये. आतील बारीक दात्यांची चक्रे बिघडू शकतात. किल्ली चालू असेल तर मोटर अचानक फिरून बोटाला इजाही होऊ शकते.

(इ) हवेचे वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर अनेक डिझेल गाड्यांत असतो. त्यात केसासारखी नाजूक तार किंवा पातळ पट्टी असते. तिला हात, कापूस, ब्रश लावू नये आणि कार्ब्युरेटर क्लीनर मारू नये. त्यासाठी वेगळा क्लीनर मिळतो; तोच दुरून फवारावा आणि सेन्सर पूर्ण वाळू द्यावा.

(ई) चालू इंजिनात हवेच्या वाटेने पाणी सोडून 'आतून धुण्याचा' प्रयोग करू नये. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये साचले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात खोल पाण्यात घातलेल्या गाडीचे इंजिन मोडते, ते याच कारणाने.

(उ) डिझेल इंजिन चालू असताना हवेच्या मार्गात ज्वालाग्राही क्लीनर फवारू नये. डिझेल इंजिनाला तो इंधनासारखाच वाटतो आणि इंजिन हाताबाहेर पळू शकते.

डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन

डिझेल गाडीचा ई.जी.आर. व्हॉल्व्ह व मॅनिफोल्ड काजळीने भरला तर ते भाग उतरवून, भिजवून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवूनच परत बसवावे लागतात. इंजिनावरच ठेवून खरवडले तर सुटलेले तुकडे सिलिंडरमध्ये जातात. 'ई.जी.आर.ला पत्रा लावून बंद करून टाकू, कटकटच नको,' असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो मानू नये. त्यामुळे विषारी वायू वाढतात आणि गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. आपल्या गाडीचा धूर आपल्याच वस्तीतील मुलांच्या छातीत जातो, हे विसरून चालणार नाही.

काही नव्या पेट्रोल इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. तेथे थ्रॉटलच काय, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीलाही पेट्रोल लागत नाही. म्हणून त्यावर कार्बन जमतो. तो काढण्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारण्याची पद्धत वापरतात. हे कुशल कारागिराचे काम आहे. घरी करावयाचे नव्हे.

मूळ शोधल्याशिवाय सफाई व्यर्थ

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. थ्रॉटल साफ केली आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा काळी झाली, तर पुन्हा साफ करणे हा उपाय नव्हे. मळ कोठून येतो ते पाहिले पाहिजे.

डिपस्टिकवर तेल कमाल खुणेच्या वर आहे काय? काही वेळा तेल बदलताना ते जास्त भरले जाते आणि त्याचे तुषार वाढतात. पी.सी.व्ही. व्हॉल्व्ह अडकला आहे काय? तो लहानसा भाग आहे. बिघडला असेल तर बदलावा. इंजिन आयडलिंगला असताना तेलाचे झाकण सावधपणे उघडले (गरम तेलाचे शिंतोडे उडू शकतात) आणि आतून जोरात धुराचे भपके आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते. अशा इंजिनावर 'डीकार्बनायझिंग'चे पॅकेज म्हणजे गळक्या छपराखालची भिंत पुन्हा पुन्हा रंगवणे होय. जुनी गाडी विकत घेताना ही एक तपासणी केली तरी मोठी फसगत टळू शकते.

उलट, फिल्टर वेळेवर बदलणे, योग्य प्रतीचे तेल योग्य पातळीपर्यंत भरणे आणि ते ठरलेल्या किलोमीटरवर बदलणे, या तीन साध्या गोष्टी पाळल्या तर थर फार सावकाश साचतो. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच पाहावा.

गॅरेजमध्ये सफाई सुचवली गेली तर नम्रपणे, पण ठामपणे पुढील गोष्टी विचाराव्यात : मळ मला दाखवाल काय? तो कोठून आला असावा? भाग उतरवणार असाल तर गॅस्केट नवे घालणार काय? नंतर आयडल लर्निंग करणार काय? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट ग्राहक जाणता आहे हे पाहून त्याला बरेच वाटते.

शेवटी, गाडीसाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, केलेले काम, बदललेला भाग आणि खर्च एवढे पाच रकाने पुरेत. वर्षभराने ही वही चाळली तर कोणता खर्च कामी आला आणि कोणता पुन्हा पुन्हा व्यर्थ गेला, हे आपोआप दिसते. जी वस्तू आपण हप्त्याने घेतो, तिचा हिशेब आपल्याच हाती असावा.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत थ्रॉटलची चकती तुलनेने स्वच्छ का राहते?
२. लीटरमागे २० किलोमीटर जाणारी गाडी १२,००० किलोमीटर धावल्यास अंदाजे किती हवा घेईल?
३. सफाईनंतर इंजिनाचे फेरे का वाढतात?
४. ई.जी.आर. व्हॉल्व्हचे कार्य सांगा आणि तो बंद करणे अयोग्य का, ते लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन, परवानगी घेऊन, उघडलेली थ्रॉटल बॉडी पाहा व तिची आकृती काढून भागांना नावे द्या.